पाणी कोण भरत होतं?

गडावर गेलं की आधी टाकं शोधायचं, ही सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाची जुनी खोड. सदर जमीनदोस्त झालेली असते, तटबंदी ढासळलेली असते, पण कातळात खोदलेल्या टाक्यात हात बुडवला की चढणीचा शीण जातो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सांगूनच ठेवलंय की गडावर आधी उदक पाहावं आणि मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागाही सोडवत नसेल, तर खडक फोडून तळी-टाकी करून घ्यावीत. इतका रोखठोक विचार आहे.

जोधपूरच्या मेहरानगढची जन्मकथा मात्र पाण्यावरून झालेल्या भांडणाची आहे. १४५९ साली राव जोधांनी मंडोरची जुनी राजधानी सोडून नऊ-दहा किलोमीटरवरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. त्या डोंगरावर एक झरा होता आणि झऱ्यापाशी चिडियानाथ नावाचा जोगी राहत होता. त्याला उठवलं. धुनीतले निखारे झोळीत घालून तो निघाला आणि जाताना म्हणाला, जोधा, तुझ्या गडाला पाणी पुरायचं नाही. मारवाडात दर तीन-चार वर्षांनी दुष्काळ का पडतो, याचं उत्तर लोक आजही या शापात शोधतात. जोधांनी जोग्याच्या गुहेपाशी देऊळ बांधलं, टाकं बांधलं. शाप काही उतरला नाही म्हणतात.

शाप उतरवण्यासाठी आणखी एक गोष्ट केली गेली. राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला किल्ल्याच्या पायात जिवंत पुरलं. तो राजीखुशीने तयार झाला आणि त्याच्या कुटुंबाला जमीन मिळाली, असं परंपरा सांगते. किल्ल्यात त्याच्या नावाचा दगड आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द वाचून मला पुरंदरचा शेंदऱ्या बुरूज आठवला. तो बुरूज सारखा ढासळत होता म्हणून नाथनाक आणि देवकाई या जोडप्याला त्यात गाडलं, अशी कथा आपल्याकडेही आहे. हजारभर किलोमीटरचं अंतर, भाषा वेगळी, दगड वेगळा. पायात जाणारी माणसं कुठल्या वस्तीतली असायची, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

या सहलीत माझ्याबरोबर मावशी होती. माण तालुक्यातली. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेली, आता गुडघ्यांनी दगा दिलेली. माणदेशातल्या माणसाला राजवाड्यांचं कौतुक दाखवणं सोपं नसतं. गाईड सांगत होता की तट काही ठिकाणी छत्तीस मीटर उंच आणि एकवीस मीटर रुंद आहे. मावशीने मान वर करून तो तट नीट पाहिला आणि म्हणाली, “एवढ्या माणसांना पाणी कोण भरत होतं गं?” गाईड हसला. त्याच्या पाठ केलेल्या माहितीत याला उत्तर नव्हतं. मग तो जय पोळ या दरवाज्यामागच्या विजयाकडे वळला.

तो विजय समजून घेण्यासारखा आहे. उदयपूरची राजकन्या कृष्णाकुमारी हिचं लग्न जोधपूरच्या भीमसिंहांशी ठरलं होतं. ते १८०३ मध्ये वारले. मग तिची सोयरीक जयपूरच्या जगतसिंहांशी होऊ लागली, तेव्हा जोधपूरच्या गादीवर आलेले मानसिंह म्हणाले की मुलगी या गादीला दिलेली आहे, ती आमचीच. त्यावरून दोन्ही राज्यांत युद्ध पेटलं. दौलतराव शिंदे आणि पठाण सरदार अमीरखान यांनी त्या आगीवर आपापली पोळी भाजून घेतली. जयपूर आणि बिकानेरच्या फौजांनी जोधपूरला वेढा घातला, शेवटी त्यांना परतावं लागलं, आणि त्याची खूण म्हणून मानसिंहांनी जय पोळ उभारली. थोडं वर डेढ कांगरा पोळीशी त्या वेळच्या तोफगोळ्यांचे खड्डे आजही दिसतात. पर्यटक त्यांत बोटं घालून फोटो काढतात. आणि कृष्णाकुमारी? भांडण मिटावं म्हणून १८१० मध्ये उदयपूरच्या राजवाड्यात तिला विष देण्यात आलं. सोळा वर्षांची होती. जय पोळीवर तिचा उल्लेख असायचं काही कारण नाही, हे मला कळतं. तरी तिथे उभं राहून त्या दरवाज्याकडे नुसता दरवाजा म्हणून पाहता येईना.

याच मानसिंहांचं नाव चढणीच्या शेवटी लोहापोळीपाशी पुन्हा भेटतं. दरवाज्याच्या बाजूला भिंतीत दगडी हातांचे छाप आहेत, ओळीने. १८४३ मध्ये मानसिंह गेले तेव्हा त्यांच्या चितेवर गेलेल्या स्त्रियांचे ते छाप, असं सांगतात. गेरू, शेंदूर, चांदीचा वर्ख. हात लहान आहेत. मनगटं नाहीत, नावं नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी नमस्कार करतं, कोणी मोबाईल काढतं. शेजारची एक बाई आपल्या मुलीचा हात त्या छापावर ठेवून माप घेत होती. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की तिने हात काढून घेतला.

आपण मराठी माणसांनी इथे नाक वर करायचं कारण नाही. थेऊरला माधवराव पेशव्यांच्या चितेवर १७७२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि आपण त्या गोष्टीला अजून भक्तिभावाने पाणी घालतोच. मला खटकतं ते दुसरंच. किल्ल्यातल्या बायकांची म्हणून जी एकमेव खूण पर्यटकाला थांबवून दाखवली जाते, ती त्यांच्या मरणाची आहे. जणू त्या इथे तेवढ्यासाठीच आल्या होत्या.

आतले महाल सुंदर आहेत, त्यात वाद नाही, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मोती महालाच्या भिंतींचा गिलावा शिंपल्यांची भुकटी घालून घोटलेला, त्यामुळे त्यावर मंद चकाकी राहिली आहे. तखत विलासच्या छताला नाताळातले काचेचे रंगीत गोळे टांगलेत. तो दिवाणखाना पाहून मावशीला एकदम बरं वाटलं, कारण तिच्या मते एवढ्या मोठ्या राजालाही आपल्यासारखंच कुठे काय टांगावं ते कळत नव्हतं. झांकी महालातल्या जाळ्या मात्र थक्क करतात. दगडाची लेस विणलेली, आणि तिच्या भोकांना डोळा लावून खालचा चौक बघायचा. खालच्या माणसाला वरची बाई दिसत नाही.

पालख्यांच्या दालनात काचेमागे एक सोनेरी मुलाम्याची भव्य पालखी आहे. महाराजा अभयसिंहांनी १७३० मध्ये अहमदाबादेजवळ गुजरातचा मुघल सुभेदार सरबुलंदखान याला हरवून ती आणली. तिथून काही पावलांवर फूल महाल आहे. तोही अभयसिंहांचाच, आणि त्याच्या छतावरचं सोनं गुजरातच्या मोहिमेतून आलं असं म्हणतात. मराठी वाचकाने या नावापाशी जरा थबकायला हवं. गुजरातचे सुभेदार असताना याच अभयसिंहांच्या माणसांनी १७३२ मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून केला. बोलणी चालू असताना, जवळ येऊन. त्यावर उमाबाई दाभाडे फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या, आणि १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदं परत घेतलं. पुढे १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांचाही असाच, बोलण्यांच्या आडून, खून झाला. ते अभयसिंहांचे पुतणे विजयसिंह यांच्या माणसांनी केलं. जयाप्पांची छत्री नागौरजवळ ताऊसरला आहे. हिशेब एकतर्फी नव्हता हेही खरं. मराठ्यांच्या खंडणीने मारवाडची हाडं दिसायला लागली होती, अजमेर गेलं होतं, आणि १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेने राठोडांचं घोडदळ कापून काढलं. जोधपूरच्या गाईडला आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आप लोग तो बहुत पहले भी आए थे, सा.” बोलण्यात टोमणा होता की आतिथ्य, ते कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

पाण्याचं उत्तर किल्ल्यात नाही, ते किल्ल्याखाली आहे.

तटाच्या कडेने खाली पाहिलं की पायथ्याशी दोन तलाव दिसतात, राणीसर आणि पदमसर. राणीसर राव जोधांच्या राणीने, जसमादे हाडींनी बांधला असं मानतात, किल्ल्याबरोबरच. तो भरला की जादाचं पाणी पदमसरमध्ये उतरतं. राणीसरचं पाणी किल्ल्याचं आणि पदमसरचं गावाचं, अशी साधारण वाटणी होती. नवऱ्याने शाप ओढवून घेतला आणि बायकोने तलाव खोदला, असं एका ओळीत सांगण्याचा मोह होतो. इतकं सरळ ते नसणार. पण जोधपूरच्या जुन्या पाण्याची यादी करायला बसलं की बायकांची नावं थांबत नाहीत. शहरातला तूरजी का झालरा, म्हणजे पायऱ्यांची विहीर, अभयसिंहांच्या राणीने १७४० च्या दशकात बांधला. त्याच अभयसिंहांच्या. महिला बाग झालरा आहे. गुलाब सागर तर एका पासवानने बांधला.

या गुलाबरायची गोष्ट मी किल्ल्यातल्या कुठल्याही दालनापेक्षा जास्त वेळ ऐकली असती. ती विजयसिंहांची पासवान, म्हणजे लग्नाची राणी नव्हे. पण राज्यकारभारावर तिचा असा वचक होता की तिला मारवाडची नूरजहान म्हणायचे. ठाकूर-सरदारांना ते सहन होणारं नव्हतं. तिने गावात देऊळ बांधलं, बाजार वसवला आणि १७८८ मध्ये गुलाब सागर पुरा केला. गावाच्या ऐन मध्यात, चारी बाजूंनी घाट, लाल दगडाच्या पायऱ्या. चार वर्षांनी, १७९२ मध्ये, सरदारांनी तिला मारून टाकलं. तिचा हात कुठल्या दरवाज्यावर नाही. सरदारांनी तिच्यावर राग काढला, पण तलाव बुजवला नाही. बुजवणार कसे, त्यांच्याच घरचे लोक तिथून पाणी नेत होते.

राणी काय आणि पासवान काय, त्यांना पैसा खर्च करायची मुभा होती ती धर्मकार्यासाठी. देऊळ, धर्मशाळा, विहीर. पाणी हे पुण्याचं काम, म्हणून ते बायकांकडे आलं. त्यामागे उदारता किती आणि दुसरी वाट नसणं किती, हे आज वेगळं काढता येत नाही. आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या, त्याचं कौतुक करतानाही हा प्रश्न आपण बाजूला ठेवतो. पण मुभा एवढीच होती म्हणून त्या कामाची किंमत कमी होत नाही. विजयाचा दरवाजा एकदा बांधला की त्याचं काम संपतं. झालऱ्याच्या पायऱ्या पुढची दोन-अडीचशे वर्षं कोणी ना कोणी चढत-उतरत होतं, आणि डोक्यावर हंडा घेऊन चढणाऱ्याही बायकाच होत्या. मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्यापाशी येऊन थांबतं. बांधणाऱ्यांची निदान नावं तरी उरली आहेत.

तूरजी का झालरा मधल्या काळात गाळाने आणि घाण पाण्याने भरून गेला होता. अलीकडे तो उपसून स्वच्छ केला. आता भोवती कॅफे आणि हॉटेलं झाली आहेत. संध्याकाळी गल्लीतली पोरं वरच्या कमानीवरून पाण्यात उड्या मारतात आणि विदेशी पर्यटक टाळ्या वाजवतात. पोरं पैसे मागत नाहीत, पण दिले तर नाही म्हणत नाहीत. मावशी पायऱ्यांच्या उतरत्या त्रिकोणांकडे बघत बसली होती. पाणी कितीही खाली गेलं तरी त्याच्यापर्यंत पोहोचता यावं, अशी त्यांची रचना आहे. दुष्काळात पाणी आटत जातं तशा पायऱ्या उघड्या पडत जातात, म्हणजे यंदा किती वाईट चाललंय ते सगळ्या गावाला एकदम दिसतं. टाकीला झाकण असतं, त्यामुळे ती रिकामी झाल्याचं आपल्याला सकाळी नळ सोडल्यावरच कळतं.

किल्ल्याच्या उत्तरेला राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, तिथे फार कमी लोक जातात. मेहरानगढचा डोंगर ज्वालामुखीतून तयार झालेल्या रायोलाइटचा, सुमारे पंच्याहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा बेसाल्ट त्याच्यापुढे अगदी कालचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. या रायोलाइटवर वालुकाश्माचे थर कुठे टेकतात, ती जागाही किल्ल्याच्या पायथ्याशी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखली आहे. खडक असा की पाणी मुरतच नाही, पडलं तसं वाहून जातं. जुन्या लोकांनी नेमकं हेच वापरलं. डोंगरांवरून घरंगळणारं पावसाचं पाणी खडकात हाताने कोरलेल्या कालव्यांतून तलावांकडे वळवलं. पार्कमधली एक पायवाट अशाच एका कोरड्या कालव्याच्या पोटातून जाते. दोन्ही बाजूंना छिन्नीचे घाव दिसतात. या घावांना ना तारीख, ना कोणाचं नाव.

पार्क होण्यापूर्वी ही सगळी जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. मारवाडीत तिला बावळिया म्हणतात. १९३० च्या दशकात महाराजा उमेदसिंहांनी वाळवंट हिरवं करायच्या हौसेने तिच्या बिया विमानातून टाकल्या, असं सांगतात. मेक्सिकोकडची झाडं, शेळ्यासुद्धा त्यांचा पाला नीट खात नाहीत, आणि एकदा रुजली की आसपास दुसरं काही उगवू देत नाहीत. माणदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. २००६ मध्ये झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी हे सत्तरेक हेक्टर रान पुन्हा मूळ वनस्पतींकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण बावळियाच उपटण्याची होती. ती कापली की पुन्हा फुटते, मुळं खडकाच्या भेगांत खोल गेलेली. शेवटी कामाला आले खंडवालिये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे खाणकामगार. ते हातोडा मारून आवाज ऐकायचे आणि खडक कुठे भरीव आहे, कुठे पोकळ, ते ओळखायचे. मुळाच्या मागोमाग खडक फोडत जाऊन त्यांनी झाडं समूळ काढली, आणि त्याच खड्ड्यांत मग थोर, कुमट, गुग्गुळ, केर, रोहिडा लावले. २०११ मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं. दुपारच्या उन्हात तिथे चालताना हिरवळ म्हणून डोळ्यांत भरावं असं फार काही नाही. राखाडी, काटेरी, कमरेएवढी झुडपं. वाळवंटाची खरी बाग अशीच असते, आणि ती बघायला डोळ्यांना थोडी सवय करावी लागते.

झाडांवरून खेजडलीला जायचं ठरलं. जोधपूरपासून सव्वीसेक किलोमीटरवरचं बिष्णोईंचं गाव. १७३० साल, भाद्रपद. अभयसिंहांच्या बांधकामाला चुना हवा होता, चुन्याच्या भट्ट्यांना सरपण हवं होतं, आणि खेजडीची दाट झाडं होती ती बिष्णोईंच्या गावांत. बिष्णोई पंथाचे संस्थापक जांभोजी यांनी १४८५ मध्ये घालून दिलेल्या एकोणतीस नियमांत हिरवं झाड तोडायची बंदी आहे, म्हणून ती तिथे टिकली होती. दिवाण गिरधर भंडारीची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली. “सिर साँटे रूँख रहे तो भी सस्तो जाण”, हे वाक्य तिच्या नावावर आहे. डोकं देऊन झाड राहत असेल तर सौदा स्वस्त समजा. तिला कापली. तिच्यामागे तिच्या तीन मुली उभ्या राहिल्या, मग गावोगावचे बिष्णोई येत गेले. एकूण ३६३ माणसं. शेवटी राजाने तोड थांबवली आणि बिष्णोईंच्या गावांतलं झाड तोडायचं नाही असा हुकूम काढला.

त्याच १७३० साली ती सोनेरी पालखी गुजरातहून आली. संग्रहालयात पालखीशेजारी सन लिहिलेला आहे. तिथे खेजडलीचा उल्लेख असता तर ते दालन वेगळं दिसलं असतं.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला तिची पूजा करतो आणि आपट्याची पानं वाटतो, पण रानात उभी दिसली तर आपल्यातले किती जण ओळखतील? इथे तिच्या शेंगांची सांगरी होते, पाला जनावरं खातात, सावलीत बाजरी पिकते. खेजडलीला स्मारकाच्या आवारात एक म्हातारी झाडत होती. मावशी तिच्याजवळ गेली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळत होती. पाऊस किती झाला, बाजरी किती झाली, गुडघे किती दुखतात, असं बराच वेळ चाललं. निघताना त्या बाईने ओंजळभर वाळलेली सांगरी मावशीच्या पदरात घातली. पैसे घेईना. मावशीने पर्समधून राजगिऱ्याच्या वड्या काढून तिला दिल्या. अमृतादेवीचा विषय दोघींच्या बोलण्यात आलाच नव्हता.

उमेद भवन पाहायला मावशी तयार नव्हती. “आणखी एक वाडा?” म्हणाली. पण बाहेरून पाहताना मी तिला सांगितलं की हा दुष्काळी काम म्हणून बांधलाय, तशी ती गाडीतून उतरली. पाऊस हुलकावण्या देत होता, लोकांच्या हाताला काम नव्हतं, म्हणून उमेदसिंहांनी १९२९ मध्ये छीतरच्या टेकडीवर ३४७ खोल्यांचा राजवाडा काढला. लँचेस्टर नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने आराखडा केला. दोन-तीन हजार माणसं राबत होती आणि १९४३ मध्ये तो पुरा झाला.

मावशी १९७२ मध्ये शाळकरी होती. तिची आई खडी फोडायला जायची. सकाळी गावच्या बायका भाकरी बांधून निघायच्या, दगडाच्या ढिगाशी बसायच्या, बोटांना चिंध्या गुंडाळून. सुकडी मिळायची ती घरी पोरांसाठी आणायची. मोजणीचा कारकून ढीग कमी भरला म्हणायचा. त्यातून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, काही तलाव पहिल्याच पावसात फुटले. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो याच अनुभवातून. मावशी हे सगळं त्या राजवाड्यापुढे उभी राहून सांगत होती आणि तिचा आवाज चढत होता. “आमच्या आईने फोडलेल्या खडीचा रस्ता अजून आहे. दहिवडीकडे जाताना लागतो.” मग थोड्या वेळाने, जरा नाइलाजाने: “हे काम तसं मजबूत केलंय म्हणा.”

खरं सांगायचं तर मला त्या राजवाड्याबद्दल ठाम मत करता येत नाही. पोटाला अन्न मिळालं, ही गोष्ट लहान नाही. तेवढ्याच मजुरीत किती तलाव झाले असते, असा हिशेबही डोक्यातून जात नाही. मेहरानगढसमोर जसवंत थडा हे राजघराण्याचं स्मारक आहे, पांढऱ्याशुभ्र मकराणा संगमरवराचा, इतके पातळ तक्ते की ऊन आरपार झिरपतं. त्याचं बांधकाम १८९९ चं. मारवाडात छप्पनियाचा दुष्काळ पडला तेही १८९९ च. विक्रम संवत १९५६. माणसं आणि गुरं वाटेवर मरून पडत होती. पालीहून, नागौरहून माणसं बाहेर पडत राहिली ती अशाच वर्षांत. आपल्या तालुक्याच्या पेठांमधल्या मारवाडी दुकानांमागे नुसती व्यापारी बुद्धी नाही, असे कोरडे पावसाळेही आहेत. जसवंत थड्याच्या बागेत बसून कोणी रावणहत्ता वाजवत असतो. छान वाटतं तिथे, नाही असं नाही.

आता जोधपूरला पाणी हिमालयातून येतं. इंदिरा गांधी कालव्यातून उचलून, वाळवंट ओलांडून, कायलाना तलावात. नळ आले आणि बावड्या, झालरे, तलाव यांच्याकडे बघायचं कोणाला कारण उरलं नाही. गाळ साचला, कचरा साचला. उपसा थांबला आणि बाहेरचं पाणी मुरत राहिलं, तशी जुन्या शहराखालची भूजलपातळी वर यायला लागली. आता तळघरांत पाणी भरतं. बांधणीच्या साड्या घेताना दुकानदाराच्या पायाखालून कसलातरी घरघर आवाज येत होता. मावशीने विचारलं, तर तो म्हणाला, तळघरातली मोटर, रोज चालवावी लागते, नाहीतर माल भिजतो.

“आणि ते पाणी?”

“नाली में, माताजी. और कहाँ?”

मावशीने हातातली साडी खाली ठेवली. तिच्या गावी उन्हाळ्यात टँकर कधी येतो, आल्यावर हंड्यांच्या रांगा कुठून कुठवर लागतात, पुढची खेप कधी मिळेल ते कोणाला विचारायचं, हे ती त्याला हिंदी-मराठी मिसळून सांगायला लागली. दुकानदार आधी सौम्य हसत होता, मग त्याने पोऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि स्टुलावर बसून ऐकू लागला. त्याचे आजोबा, म्हणाला, गुलाब सागरवरून खांद्यावर कावड आणायचे, आणि त्या पाण्याने आधी देव, मग माणसं, मग गाय, असा क्रम ठरलेला होता. आंघोळीचं पाणी झाडाला. त्याने स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. साडी शेवटी घेतली, भाव फारसा कमी झाला नाही, आणि चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.